आक्सेलच्या बुटाची नाडी

पोन्से तुरुंग
११ मार्च २०१८

बारक्या,

काल संध्याकाळी बराकीत रेडिओ लागला होता आणि शेजारच्या खाटेवरचा पापो एकदम ओरडला, "ए ओबेद, हा तुझा भाऊ ना रे?" मी म्हटलं, माझा भाऊ कारोलिनात बेकरीत पाव भाजतो, तो रेडिओत कुठला? पण आवाज तुझाच. लहानपणी सर्दी झाली की नाकातून बोलायचास, तसाच. गाणं संपल्यावर निवेदक म्हणाला, "नवा पोरगा आहे, नाव जेरी सेनिसा." सेनिसा! राख! अरे, राखेशी तुझा संबंध भट्टी झाडण्यापुरता. जेरिएल क्रेस्पो या नावात काय वाईट होतं? माईने बायबल चाळून ठेवलं होतं.

त्या एका गाण्यात तू तिघांना मारलंस. मी मोजले. घरात उंदीर निघाला की माई झाडू घ्यायची आणि तू खुर्चीवर चढून बसायचास, ते मी पापोला सांगितलं नाही. तेवढी इज्जत राखली तुझी.

खरं सांगू? डोळ्यांत पाणी आलं. सहा वर्षांत पहिल्यांदा आपल्या घरातला आवाज या भिंतींमध्ये ऐकला.

माझी पॅरोलची सुनावणी ठरली. सतरा डिसेंबर. बारा वर्षांतली सहा संपली, वागणूक चांगली, सुतारकाम शिकलो. गाडीत बंदूक आणि माल सापडला एवढ्यावरच मी आत आहे, त्यामुळे वकील म्हणतो की मंडळ सोडेल. माईने माझी खोली रंगवायला काढली असं कळलं. तिला म्हणावं, थोडं थांब. रंग वाळून जायचा आणि मी यायचो नाही.

तुझा
ओबेद


लास आसेरोलास वसाहत, कारोलिना
२ एप्रिल २०१८

दादा,

हस, हसून घे. सगळेच हसतायत.

गाणं वाजतंय हे खरं. पण गेल्या रविवारी आपल्याच बास्केटबॉलच्या कोर्टवर गायला उभा राहिलो आणि तिसऱ्या ओळीला कोणीतरी पाव फेकला. खरा पाव, आमच्याच बेकरीतला, सकाळी मीच भाजलेला. मग काय, पावांचा पाऊसच. दुसऱ्या दिवशी पलीकडच्या वसाहतीतल्या एकाने माझ्यावर गाणं काढलं: "पाववाल्या, तुझ्या हाताला बारूद नाही, मैदा आहे." आता शेंबडी पोरंसुद्धा मला बघून हात झटकतात.

ओर्विल, म्हणजे ज्याचा स्टुडिओ आहे आणि जो आता माझं सगळं बघतो, तो म्हणतो, "पोरा, गळा तुझा आहे पण शब्द उसने आहेत. आपल्या ट्रॅपमध्ये, या रस्त्यावरच्या रॅपमध्ये, माणूस भोगलेलं गातो. खोट्याला दोन दिवसांत वास येतो." मी काय भोगलंय, दादा? पहाटे उठून कणीक मळली एवढंच. तुम्ही सगळे खाली कट्ट्यावर उभे असायचात आणि मी जवळ आलो की तू मानगूट धरून वर पाठवायचास. "जा, अभ्यास कर."

तुझ्याकडे सगळं आहे. थोडं मला दे ना. आक्सेलचं काय झालं होतं, तेही तुला माहीत असणार. सगळे म्हणतात, तुम्ही दोघं एका ताटात जेवायचात.

जेरिएल


पोन्से
२९ एप्रिल २०१८

बारक्या,

आक्सेलचं नाव पुन्हा पत्रात घालू नकोस. इथली पत्रं फोडून वाचतात. आणि वाचत नसते तरी घालू नकोस.

तुला मानगुटीला धरून वर पाठवत होतो ते काय, तू पुढे हे मागावंस म्हणून? मैदा लागलेला हात काय वाईट असतो? मला सांग, मी आत्ता बदलून घेतो.

इथलं हवं तर लिहितो. इथे रात्रीचं जेवण दुपारी चारला देतात. साडेचारला कुलूप. मग पहाटेपर्यंत पोटात खड्डा. ताटं दाराखालून सरकवतात, त्यांचा फरशीवर घासण्याचा आवाज एका टोकाहून येत येत आपल्यापाशी येतो. आणि भुकेल्या माणसाला तो आवाज आईच्या हाकेसारखा वाटतो. लाज वाटते सांगताना, पण वाटतो. हे गा. हे कोणाच्या जिवावर येणार नाही.

ओबेद


लास आसेरोलास
२१ जून २०१८

दादा,

'चारची ताटं' ऐकलंस? वीस लाख वेळा वाजलं. वीस लाख! ताटाचा फरशीवरचा आवाज आम्ही खरा घेतला, माईचंच पत्र्याचं ताट ओट्यावर घासून. ती ओरडत होती, "अरे, पोचे येतील!" बेकरी सोडली. ओर्विलने माझ्या दातांवर चांदी चढवून घेतली, तर माई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

पण दादा, आता पुढचं काय? सगळे तेच विचारतात. मुलाखतीत एकाने तोंडावर म्हटलं, "तुरुंगात भाऊ आहे, तू नाहीस. भावाच्या जिवावर किती दिवस?"

म्हणून मी एक ठरवलंय. येत्या आठ तारखेला ओर्विलची माणसं एका कामाला जाणार आहेत. कसलं ते विचारू नकोस. मीही येतो म्हणालो. घाबरू नकोस, मी गाडीतच बसणार. एकदा डोळ्यांनी बघितलं की मग मला कोणी पाववाला म्हणणार नाही.

जेरिएल


१ जुलै २०१८

बारक्या,

हे पत्र टपालाने येत नाही. ब्रदर एलिएसेर दर रविवारी बायबल घेऊन इथे येतो, त्याच्या हाती देतोय. यापुढे तूही आणि माईही पत्रं त्याच्याच हाती द्या. वाचून लगेच जाळ. चुलीपाशी उभा राहूनच वाच.

तू त्या गाडीत बसणार नाहीस. गाडीत बसलेला पोरगा दुसऱ्या वेळेला गाडीतून उतरतो. मीही आधी बसलोच होतो. तुला खरं काहीतरी हवंय ना? माझं घे. सगळं घे. पण तुझं स्वतःचं असं काही करू नकोस. एका घराला एक पुरे.

आक्सेलला मी मारलं.

तो पलीकडच्या वसाहतीतल्या लोकांना भेटायला लागला होता. आमच्या टोळीच्या म्होरक्याने सांगितलं, "एक तर ओबेद हे काम करेल, नाही तर कोणीतरी ओबेदचं काम तमाम करेल." मी आक्सेलला म्हटलं, चल, बेसबॉलच्या मैदानामागे कालव्याकडे जाऊन येऊ. दुपारचे तीन वाजले होते. तो लगेच निघाला. माझ्याबरोबर कुठे जायला तो कधी का विचारायचा? वाटेत चिखल होता. आम्ही सगळेच बुटांच्या नाड्या सोडून फिरायचो, तुला आठवत असेल. त्याचा उजवा बूट चिखलात रुतून निघाला. तो माझ्या खांद्यावर हात ठेवून एका पायावर उभा राहिला आणि हसायला लागला. मी खाली गुडघ्यावर बसलो, बूट चढवला आणि नाडी बांधली. दोन गाठी मारल्या, तुझ्या शाळेच्या बुटांना मारायचो तशा. का मारल्या? मला आजवर कळलेलं नाही. हाताला सवय होती. तो वरून हसत काहीतरी म्हणाला. ते मी तुला लिहिणार नाही.

मग मी उठलो.

बस. हे मी कोणालाही सांगितलेलं नाही, वकिलाला नाही, पाद्र्याला नाही. यातलं काय वाटलं, हात कसे गार पडले, मग घरी येऊन मी माईच्या हातचा तुरीचा भात कसा दोनदा मागून खाल्ला, तेवढं गा. आक्सेल नको, कालवा नको, बूट तर नकोच. आणि ओर्विलला सांग, आठ तारखेला माझ्या पोटात दुखतं.

ओबेद


लास आसेरोलास
१० जुलै २०१८

दादा,

जाळलं. आठ तारखेला गेलो नाही, माईची शपथ.

तू मला आधी का नाही सांगितलंस, आणि आत्ता का सांगितलंस, दोन्ही कळत नाही.

जेरिएल


लास आसेरोलास
४ ऑक्टोबर २०१८

ओबेद, देव तुझं भलं करो.

तू आशीर्वाद मागितला नाहीस तरी मी आधी देऊन टाकते, कारण पुढे लिहिताना राहून जाईल. शाळेच्या स्वयंपाकघरातून आले ती तशीच लिहायला बसले आहे. हात कांद्याचे आहेत.

जेरिएलचं नवं गाणं आलं. 'दोन गाठी'. तुमच्याकडे लागत असेल. इथे तर सगळीकडे तेच, गाड्यांत, खिडक्यांत, जिन्यात. मला त्यातलं निम्मं कळत नाही, इतकं भरभर म्हणतो. पण मुलांना पाठ आहे. काल खालच्या जिन्यात सात-आठ वर्षांची पोरं टाळ्या वाजवत म्हणत होती, "तो माझ्या पायाशी रडला, आई आई म्हणाला, मी त्याच्या बुटाला दोन गाठी मारल्या, म्हटलं जा आता नीट चालत."

ही पोरं कुठे म्हणत होती, तर आक्सेलच्या आईच्या, दोन्या कार्मिनच्या खिडकीखाली. ती अजून तिथेच नारळाचा लिंबेर विकते रे, बर्फाचे ते गोळे पेल्यात घालून. आक्सेल गेल्यावर वर्षभर खिडकी बंद होती, मग पुन्हा उघडली. पोरं लिंबेरसाठी रांगेत उभी होती आणि म्हणत होती.

आज ती वर आली. सहा वर्षांत आमच्या घरी आली नव्हती. खुर्ची दिली तर बसली नाही. म्हणाली, "इराईदा, माझ्या मुलाने जन्मात कधी नाडी बांधली नाही. मी त्यासाठी रोज ओरडायचे. शवागारात त्याला दाखवला तेव्हा डावी नाडी सुटलेली होती आणि उजव्या बुटाला दोन गाठी होत्या. मी हे फक्त तपास करणाऱ्या साहेबाला सांगितलं. तो म्हणाला, बाई, हे कोणाजवळ बोलू नका. मी नाही बोलले. नवऱ्यालाही नाही. मग तुझ्या मुलाला कसं कळलं?"

मी म्हटलं, गाणी काय, कशीही करतात. ती म्हणाली, "तो रडला का गं खरंच?" आणि गेली.

ओबेद, मला खरं सांग. तेव्हा जेरिएल पंधरा वर्षांचा होता. तो तिथे होता का? त्या दिवशी तू भात दोनदा मागितलास आणि तो जेवलाच नाही, पोट दुखतंय म्हणाला, हे मला आता आठवतंय. सारखं तेच आठवतंय. तू त्याला पाठीशी घातलंस का?

कार्मिन उद्या पोलिसांकडे जाणार आहे.

तुझी आई


पोन्से
१४ ऑक्टोबर २०१८

जेरिएल,

आज बारक्या म्हणवत नाही.

मी तुला बूट नको म्हटलं होतं. स्पष्ट लिहिलं होतं. तू पत्र जाळलंस, पण आधी उतरवून घेतलंस ना? खरं बोल. आणि तो रडला असं कोणी सांगितलं तुला? तो माझ्या पायाशी नव्हता, मी त्याच्या पायाशी होतो. मेलेल्या माणसाला तू गुडघ्यावर बसवलंस!

आणि ते "मी, मी, मी". तू तिथे नव्हतास. तू वर गणिताची वही घेऊन बसला होतास.

गाणं काढून टाक. आजच. कोणाच्या पाया पडायचं त्याच्या पड. माई समजतेय की तूच केलंस, आणि तिला काय उत्तर द्यावं हे मला कळत नाही. तुला सोडवायचं तर मला बुडावं लागतं. मला वाचवायचं तर ती तुझ्याकडे तशाच नजरेने बघत राहणार.

ओबेद


सान हुआन
३० ऑक्टोबर २०१८

दादा,

उतरवून घेतलं होतं. हो. जाळायच्या आधी, चुलीपाशी उभा राहूनच, बेकरीच्या पिशवीवर. मी वाईट आहे, मान्य.

पण ऐक. चार कोटी वेळा वाजलंय. कोलोंबियात वाजतंय, माद्रिदमध्ये वाजतंय. आता ते माझ्या हातात नाही. कागदांवर सह्या झाल्यात, ओर्विल म्हणतो, काढतो म्हटलंस तर तेच तुला कोर्टात ओढतील. आणि "मी"चं म्हणशील तर सगळे "मी"च म्हणतात. "माझ्या भावाने केलं" असं कोण गातं? तो रडला हे मी घातलं, कारण तो हसला हे कोणाला खरं वाटलं नसतं. मलाच वाटलं नाही.

सतरा डिसेंबरपर्यंत थांब. तू बाहेर ये, मग मी मुलाखतीत सांगून टाकीन की सगळं मनाचं होतं. पाववाला म्हणाले तरी चालेल. मार्चमध्ये सान हुआनच्या कोलिसेओत, त्या मोठ्या स्टेडियममध्ये, माझा कार्यक्रम ठरतोय, अठरा हजार माणसं. तू पहिल्या रांगेत असशील.

पोलीस येऊन गेले होते. दोनच प्रश्न विचारले. काळजी करू नकोस.

जेरिएल


बायामोन तुरुंग
१२ नोव्हेंबर २०१८

दादा,

आता कळलं ताटांचा आवाज कसा येतो. मी आवाज चुकीचा घेतला होता, खरा यापेक्षा जड असतो.

मागच्या मंगळवारी धरलं. सरकारी वकील म्हणतो, ती गोष्ट फक्त करणाऱ्यालाच माहीत असणार. नव्व्याण्णव वर्षं म्हणतो. मी एक शब्द बोललो नाही. तुझं नाव घेणार नाही, काही झालं तरी नाही. ब्रदर एलिएसेर इथेही येतो, हे पत्र तोच नेतोय. ओर्विलने निरोप पाठवलाय, "हो म्हणू नकोस, नाही म्हणू नकोस. बाहेर पोरं भिंतींवर तुझं नाव रंगवतायत." इथे मला पहिल्याच दिवशी एकाने आपली खाट दिली. मोठमोठे लोक मान हलवून नमस्कार करतात. पाववाला कोणी म्हणत नाही.

पण दिवे गेले की फार भीती वाटते. तुलाही वाटायची का? तू कधी लिहिलं नाहीस.

बारक्या


पोन्से
२५ नोव्हेंबर २०१८

माई,

आशीर्वाद दे. आणि हे पत्र उभ्याने वाचू नकोस, बस.

जेरिएल तिथे नव्हता. त्या दिवशी तो जेवला नाही, कारण शाळेत त्याने सहा कच्चे आंबे खाल्ले होते. मीच त्याला तुला सांगू नको म्हटलं होतं. पाठीशी घातलं ते एवढंच.

आक्सेलला मी मारलं. मी जेरिएलला पत्रातून कळवलं आणि त्याने त्याचं गाणं केलं. त्याने स्वतः काही करू नये म्हणून कळवलं होतं. मला वाटलं, माझं पाप देऊन मी त्याचं टाळतोय. मी मूर्ख आहे.

परवा मी तुरुंगाच्या साहेबांना सांगून सरकारी वकिलाला बोलावलं. त्याला आधी पटेना. म्हणाला, "भावासाठी नाटक करतोस. तुझी सुटका तीन आठवड्यांवर आली आहे, कोणता शहाणा असं करेल?" मग मी त्याला बंदुकीची जागा सांगितली, कालव्यावरच्या जुन्या पंपघराच्या हौदात. ही गोष्ट मी जेरिएललाही लिहिली नव्हती. त्यांनी गाळ उपसला. सापडली.

आता सुनावणी नाही. नाताळला केळीच्या पानांत पास्तेलेस बांधून उकडशील तेव्हा माझ्या वाटणीची पानं आणू नकोस. माझ्या खोलीत तू शिलाईचं मशीन ठेव, खिडकीपाशी उजेड चांगला येतो.

दोन्या कार्मिनकडे जाशील? मला माफी मागायची नाही, तेवढं तोंड नाही मला. फक्त सांग, तो रडला नाही. गाण्यातलं खोटं आहे.

ओबेद


लास आसेरोलास
१३ जानेवारी २०१९

ओबेद, देव तुझं भलं करो. अजूनही म्हणतेच आहे. जिभेला दुसरं काही येत नाही.

गेले होते. तिने दार उघडलं आणि मी दारातच सगळं बोलून टाकलं, नाही तर पाय फिरले असते. ती म्हणाली, "तू का सांगतेस? त्याला तोंड नाही का? तो मला बघून बोलू दे." आणि दार लावलं. आपटलं नाही, हळूच लावलं. मला आपटलेलं चाललं असतं.

जेरिएल नाताळच्या आधी सुटला. तुरुंगाच्या दाराशी ही गर्दी! त्याला खांद्यावर घेऊन नाचले. मी गाडीत बसून होते. आता ऐक, लोक काय म्हणतात ते. खालच्या दुकानात एक पोरगा मला म्हणाला, "बाई, तुमचा मोठा मुलगा म्हणजे ग्रेट माणूस. धाकट्याने केलं आणि त्याने अंगावर घेतलं." मी म्हटलं, नाही रे बाबा, तसं नाही, मोठ्यानेच केलं. तो हसला, डोळा मारला. म्हणे, "बरोबर आहे, तुम्ही असंच म्हणायला पाहिजे."

कोर्टाचा कागद कोण वाचतो? गाणं सगळे ऐकतात. जेरिएलला टीव्हीवर विचारलं, तू केलंस का? त्याने नुसते ते चांदीचे दात दाखवले. मी घरी त्याला विचारलं, "नाही म्हणायला तुझ्या जिभेला काय झालं?" तो माझ्या मांडीवर डोकं ठेवून लहान मुलासारखा रडला. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच दात.

एक मुलगा माणूस मारून आत बसलाय. दुसरा न मारलेल्या माणसावर पोट भरतोय. मी शाळेत भात शिजवते आणि कोणाला सांगत नाही की मी कोणाची आई.

मशीन अजून तुझ्या खोलीत नेलेलं नाही.

तुझी आई


सान हुआन
१० मार्च २०१९

दादा,

तुला शिक्षा लागली त्या दिवशी मी कोर्टात आलो नाही, कारण ओर्विल म्हणाला, कॅमेरे असतील. यायला हवं होतं. मला माहीत आहे.

काल कोलिसेओ झालं. ऐक, मी ठरवून गेलो होतो. माईची शपथ घेऊन गेलो होतो. 'दोन गाठी'च्या आधी संगीत थांबवायचं आणि सांगायचं: मी केलं नाही, मी तेव्हा घरात होतो, मी पाववाला आहे. संगीत थांबवलं. अंधार. अठरा हजार माणसं गप्प. मी म्हटलं, "ऐका, मला एक सांगायचंय. ते मी केलं नाही." आणि सगळं कोलिसेओ हसायला लागलं, दादा. हसले, शिट्ट्या मारल्या. आणि मग त्यांनीच गाणं सुरू केलं, माझ्याशिवाय. "तो माझ्या पायाशी रडला." अठरा हजार. मी काय करणार होतो? मीही गायलो.

आज सकाळपासून डोकं सुन्न आहे. लिहायला बसलो तर काही येत नाही. ओर्विलला उन्हाळ्यापर्यंत पुढचं हवंय, म्हणतो याच्याहून खोल पाहिजे, नाही तर हे एवढंच राहील. मला पुन्हा ते पाव फेकलेले दिसतात.

तुला राग येईल. तरी विचारतो, कारण तुझ्याशिवाय मला कोण आहे? नव्व्याण्णव वर्षं ऐकल्यावर अंगात काय झालं? आणि कबुलीवर सही केलीस तेव्हा हात कापला का? आणि ते एक. आक्सेल हसत काय म्हणाला होता? तू लिहिलं नव्हतंस. या वेळी मी बदलणार नाही. जसं असेल तसं गाईन.

तुझा बारक्या


पोन्से
३१ मार्च २०१९

माई,

आशीर्वाद.

हे पत्र वाचून झालं की तुझ्यापाशीच ठेव. जेरिएल घरी आला तर त्याच्या हाती लागू देऊ नकोस.

आज दोन्या कार्मिन आली होती. दोन बस बदलून, एकटी. मी काचेच्या अलीकडे बसलो आणि माझ्याने वर बघवेना. ती म्हणाली, "वर बघ. मी माफ करायला आले नाही, ते डोक्यातून काढ. मला फक्त सांग." मी सांगितलं. चिखलाचं, बुटाचं, सगळं, एक शब्द न गाळता. तो रडला नाही म्हटलं. माझ्या खांद्यावर हात ठेवून हसत होता. मी दोन गाठी मारल्या, तेव्हा स्वतःच्या पायाकडे बघून म्हणाला, "आता आई मला ओळखायची नाही."

मागे पहारेकरी घड्याळ बघत होता. ती म्हणाली, "ओळखलं मी."

उठली आणि गेली. ती पुन्हा येणार नाही, माई. येऊही नये.

ओबेद


पोन्से
३१ मार्च २०१९

जेरिएल,

तुझं पत्र मिळालं. इथे आज चांगलं ऊन आहे. जेवायला भात आणि लाल घेवडा होता. पापोच्या दाढेला सूज आली आहे. सुतारशाळेत नवीन रंधा आला. माईच्या रक्तदाबाच्या गोळ्या संपत आल्या असतील, तेवढ्या नेऊन दे.

ओबेद